भोंग्यानंतरचे सोलापूर



सोलापूर हे शहर आपल्यापैकी बहुतेकांनी रेल्वेच्या खिडकीतून पाहिले असेल. गाडी थांबते, कोणी चादर घेतो, कोणी शेंगाचटणीची पुडी घेतो, आणि गाडी सुटते. ज्यांचा मुक्काम पडतो ते विचारतात, "येथे पाहण्यासारखे काय आहे?" त्यांना एक ठरलेली यादी मिळते. बहामनी काळातला भुईकोट किल्ला. त्याला लागून असलेला तलाव आणि तलावातले सिद्धेश्वराचे देऊळ. गिरणीमालक वारद घराण्याने बांधलेली आणि पुढे नगरपालिकेकडे आलेली इंद्रभुवनची इमारत. शहराबाहेर १८७१ साली पुरा झालेला एकरूखचा तलाव, ज्याला आम्ही हिप्परग्याचा तलाव म्हणतो. यादी खरी आहे, आणि ती एका दिवसात संपते. मग पाहुणा कंटाळतो व संध्याकाळची गाडी धरतो.

मी त्याला थांबवून सांगतो की, बाबा, आता कुठे सोलापूर सुरू व्हायचे आहे. चैत्र-वैशाखात ज्या गावात दुपारी कावळाही पंख पसरून बसतो, त्या गावाचा जीव सूर्य मावळल्यावरच मोकळा होतो. पण गोष्ट नुसती हवेची नाही. ह्या शहराच्या रात्रीला एक इतिहास आहे. ही रात्र ज्यांनी मिळवली त्यांची नावे कोठल्याही पाटीवर नाहीत. आज मी त्या रात्रीविषयी बोलणार आहे. मी काही इतिहासाचा पदवीधर नाही. शाळा लवकर सुटली; जे वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातले आणि सार्वजनिक वाचनालयातले. तेव्हा बोलण्यात गिरणीचा खडखडाट आला तर सांभाळून घ्यावे.

रेल्वे सोलापूरला पोचली १८६० साली. भोवती कापसाचा मुलूख आणि गावात जुना हातमाग असल्यावर गिरणी यायला वेळ लागला नाही. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आमची जुनी मिल, १८७७ साली सुरू झाली. शतक पालटण्याच्या सुमारास लक्ष्मी आणि नरसिंगगिरजी, आणि नव्या शतकाच्या पहिल्या दशकात विष्णू व जाम ह्या गिरण्या उभ्या राहिल्या. एवढ्या गिरण्यांचे भोंगे एका गावात वाजू लागले तेव्हा गावाला घड्याळाची गरज उरली नाही. बाळंतपणाची वेळसुद्धा बायका "पहिल्या भोंग्याला", "दुसऱ्या भोंग्याला" अशी सांगत.

आता एक हिशेब मांडतो. हिशेब रुक्ष असतो, पण आजचा सारा विषय त्यावर उभा आहे.

गिरणी आली तेव्हा दिवस मोजायचे साधन सूर्य होता. उजाडले की पट्टा फिरायचा, मावळले की थांबायचा. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील पोरांना कामावर ठेवायला बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या पोरांना नऊ तासांची मर्यादा घातली. मोठ्या माणसाबद्दल चकार शब्द नाही. इकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत १८८४ साली मिलहँड्स असोसिएशन काढली आणि आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी व बायकांना अकरा तासांची मर्यादा दिली. मग विजेचे दिवे आले. आपण म्हणतो, विजेने रात्र उजळली. मुंबईच्या गिरण्यांत विजेने पहिले काय केले असेल तर १९०५ च्या सुमारास कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर नेला. सूर्य मावळला म्हणून सुट्टी द्यायचे कारणच उरले नाही!

त्यावर ओरड झाली, चौकश्या झाल्या, आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या प्रौढ पुरुषाला प्रथम मर्यादा मिळाली: दिवसाला बारा तास. १९२२ साली आठवड्याला साठ तास झाले. १९३४ साली चोपन्न. १९४६ साली अठ्ठेचाळीस, आणि तेच १९४८ च्या कायद्यात कायम झाले. म्हणजे बारा तासांचे सहा दिवस, एकूण बहात्तर तास. त्यातून अठ्ठेचाळीस वजा करा. पस्तीस वर्षांत कामगाराच्या आठवड्याला पुरे चोवीस तास परत मिळाले. एक अहोरात्र! संप, लॉकआउट, तुरुंग आणि उपास ह्यांची किंमत देऊन मिळालेले हे चोवीस तास कामगाराने कोठे नेऊन ठेवले, हे ज्याला पाहायचे असेल त्याने सोलापूरची संध्याकाळ पाहावी.

त्याने ते तालमीत नेले. पेठापेठांतून तालमी होत्या. तालमीत कुस्ती, आणि गणपतीच्या आधी महिनाभर लेझीम. सोलापूरचा आजोबा गणपती १८८५ सालचा, म्हणजे लोकमान्यांच्या सार्वजनिक उत्सवाच्याही आधीचा, असे सोलापूरकर अभिमानाने सांगतात. आणि मिरवणुकीतले लेझीमचे डाव पाहिले की त्या अभिमानाला आपण सहज मान देतो. दिवसभर साच्यापुढे एकाच जागी उभ्या राहणाऱ्या माणसाचे अंग रात्री शे-दोनशेंच्या रांगेत एका ठेक्यावर वाकते आणि उसळते. कारखान्यातही त्याला ठेका असतोच, पण तो यंत्राचा.

त्याने ते तमाशाच्या बारीवर नेले. हा रामजोशींचा गाव. पेशवाईच्या अखेरीस कीर्तन आणि लावणी ह्या दोन्ही दरडींवर पाय ठेवून उभा राहिलेला हा शाहीर सोलापूरचा. ह्याच जिल्ह्यातल्या बार्शीचे, १९१६ साली जन्मलेले अमर शेख; ते स्वतः गिरणीत राबलेले. लाखाच्या सभेत त्यांचा आवाज ध्वनिक्षेपकाशिवाय पोचे असे म्हणत. मला ह्यात अतिशयोक्ती वाटत नाही. मागखात्यात शेजारच्या माणसाशी बोलायचे तर गळा तसाच लागतो.

आणि बोलपट आल्यावर त्याने ते पिटात नेले. भागवतांची एकाच आवारातली चित्रगृहे ही पुढच्या काळात सोलापूरची खूणच होऊन बसली. रिक्षावाल्याला दुसरा पत्ता द्यावा लागत नसे. माझ्या लहानपणी आमच्या चाळीत खेळांच्या वेळा पाळ्यांवरून ठरत. पहिल्या पाळीचा माणूस संध्याकाळचा खेळ पाही. दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री उशिरा सुटे, त्याला शेवटचाही खेळ साधत नसे. तो दुपारी बाराचा खेळ बघून कामावर जाई. रातपाळीवाला तेवढा फसे, कारण झोपायचे कधी हाच त्याचा प्रश्न. माझे वडील एका गिरणीत मागावर होते. त्यांची रातपाळी असली की आम्हां पोरांना दिवसभर घरात मोठ्याने बोलायची बंदी. दुसऱ्या महायुद्धात कापडाला मागणी वाढून रातपाळ्या वाढल्या, तेव्हापासून चाळीचाळींतून निम्मी माणसे दिवसा झोपलेली आणि निम्मी पोरे कुजबुजणारी, अशी ही रीत पडली असली पाहिजे.

खाणावळीही पाळ्यांवर चालत. ज्वारीची कडक भाकरी ही आज प्रवाशाला भेट म्हणून बांधून देतात. तिचा गुण असा की ती दिवस दिवस टिकते आणि कालवणात मोडून खाता येते. मध्यरात्री घरी येणाऱ्याला ताजे कोण वाढणार? भाकरी, शेंगाचटणी, दही हे जेवण चूल न पेटवता होते. ह्या खाद्याची कीर्ती आज चवीवर आहे, पण मुळात ते वेळेअभावी जन्मलेले जेवण आहे असे माझे मत आहे. जाणकारांनी खोडून काढावे.

मित्रहो, येथवर मी रात्र मिळवलेल्यांविषयी बोललो. त्याच गावात काही माणसे अशी होती की ज्यांना रात्र ही कायद्यानेच नाकारली होती. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा. १९११ च्या दुरुस्तीनंतर तो मुंबई इलाख्यातही लागू करता आला, आणि त्यानंतर सोलापुरात सेटलमेंट उभी राहिली. पारधी, कैकाडी, मांगगारुडी, भामटा अशा जमातींची कुटुंबेच्या कुटुंबे तारेच्या कुंपणात आणून ठेवली. जन्मामुळे गुन्हेगार! दिवसा त्यांनी गिरणीत जायचे, कारण गिरण्यांना मजूर हवे होते. संध्याकाळी परत यायचे आणि हजेरी द्यायची. हजेरीनंतर कुंपणाबाहेर दिसला तर तो गुन्हा. एकाच खात्यात, एकाच भोंग्यावर सुटणारे दोन कामगार. एक तालमीकडे वळतो आणि दुसरा तारेकडे. हा कायदा मुंबई राज्यात १९४९ साली आणि साऱ्या देशात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. वस्तीचे नाव मात्र लोकांच्या तोंडी आजही सेटलमेंट असेच आहे. पाहुण्यांच्या यादीत ही जागा मी कधी वाचली नाही. ती असली पाहिजे.

एकदा मात्र साऱ्या गावाचीच रात्र काढून घेतली गेली. ४ मे १९३० च्या मध्यरात्री गांधीजींना अटक झाली. बातमी येताच सोलापूर खवळले. ८ मे रोजी गोळीबार झाला, माणसे मेली, चौक्या-कचेऱ्या पेटल्या, आणि पुढचे काही दिवस सरकार नावाची गोष्ट शहरात उरली नाही. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. तो ३० जूनपर्यंत चालला. दिवसा डोक्यावर गांधीटोपी दिसली तर शिक्षा, रात्री घराबाहेर पडायची बंदी. ऐन उन्हाळ्यात, जेव्हा चाळीतला माणूस खोलीत झोपूच शकत नाही आणि अंगणात, ओट्यावर, रस्त्यावर अंथरूण टाकतो, तेव्हा ही बंदी काय असेल ह्याचा विचार करावा. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे ह्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले. ह्यांतले कुर्बान हुसेन 'गझनफर' पत्राचे संपादक आणि गिरणीकामगारांत वावरणारे. चार माणसे, आणि गावातले जवळजवळ सारे थर त्यांत आले. चौघांचे पुतळे शहराच्या मध्यावर आहेत. संध्याकाळी त्या चौकात इतकी गर्दी असते की पुतळ्यांकडे मान वर करून पाहायला कोणाला सवड नसते. मला त्याचे वाईट वाटत नाही. बंदीच्या रात्री ज्यांनी सोसल्या त्यांच्या पायाशी लोक रात्री मोकळे हिंडतात, हे बरेच आहे.

ती १२ जानेवारी ध्यानात ठेवा. कारण दोनच दिवसांनी संक्रांत, आणि संक्रांत म्हणजे सिद्धेश्वराचा गड्डा.

बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी हे तळे खोदवले, अडुसष्ट लिंगे स्थापली. एका कुंभारकन्येचे मन त्यांच्यावर जडले. ते योगी, लग्न करणार नाहीत. तेव्हा त्यांच्या योगदंडाशी तिने लग्न लावले, अशी कथा आहे. ते लग्न दरवर्षी लागते. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी उंचच उंच नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यावर तोलून मिरवतात. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, तिसऱ्या दिवशी रात्री होम, आणि त्यानंतर होम मैदानावर शोभेचे दारूकाम. पाहुण्याला माझी सूचना अशी की त्याने अक्षतेला यावे आणि दारूकाम पाहूनच जावे. दिवसाची मिरवणूक भक्तांची आहे. रात्रीचे होम मैदान कोणाचेही आहे: मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू ह्या चारही भाषा तेथे एकाच पाळण्यात बसलेल्या ऐकू येतात. मौत का कुआँ, पाळणे, फसव्या आरशांचा तंबू, चिरमुरे, भजी. आमच्या आयाबहिणींना वर्षातून मोजक्या रात्री घराबाहेर उशिरापर्यंत राहता येई, त्यांत ह्या पहिल्या. गड्ड्याला जायला म्हणून पाळी बदलून घेणाऱ्यांची रांग खात्यात महिनाभर आधी लागे, आणि बदली कामगारांना तेवढे दिवस हमखास काम मिळे. यात्रेचे अर्थशास्त्र कोणी लिहिले तर हेही त्यात यावे.

बायकांचा विषय निघाला म्हणून शहराच्या पूर्व भागाकडे वळतो. तेथे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती. त्यांच्या हातमागांतून आणि पुढे यंत्रमागांतून सोलापुरी चादर झाली. तिला २००५ च्या सुमारास भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षणही मिळाले. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, तो पाहण्यासारखा आहे. रथापुढे जाणाऱ्या गर्दीचे वळण निराळेच. ह्याच भागामुळे सोलापूरच्या चित्रगृहांत तेलुगू चित्रपट लागतात, आणि नायकाच्या पहिल्या प्रवेशाला पडद्यावर उधळण होते.

पण ह्या भागातली बाई चित्रपटाला क्वचित. १८९१ च्या कायद्याने बायकांना रात्री आठनंतर गिरणीत ठेवायला आडकाठी केली, हे चांगलेच झाले. परंतु विडीच्या धंद्याने तेंदूची पाने आणि तंबाखू तिच्या घरात पाठवली. घराला भोंगा नाही, तपासनीस नाही. सकाळी कारखान्यात विड्या द्यायच्या म्हणून सूप मांडीवर घेऊन ती दिव्याखाली बसे. विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला १९६६ साली. कारखान्यापुरते तास त्याने बांधले. मांडीवरच्या सुपाचे तास कोण मोजणार? पुढे विडी कामगार बायकांसाठी कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत झाली, गोदूताई परुळेकर ह्यांचे नाव तिला दिले. घर स्वतःच्या नावाचे, ही लहान गोष्ट नाही. पण ती वसाहत शहराबाहेर आहे. होम मैदान, चित्रगृह, पार्क चौकातल्या खाण्याच्या गाड्या हे सारे आता चालत जाण्याच्या टप्प्यात राहिले नाही, आणि रात्री परत यायला वाहन शोधावे लागते. घरकुलांच्या नकाशात नळ आणि गटारे दाखवतात तशी रात्रीची बसही दाखवावी, ही मागणी मी सभांतून मांडत आलो आहे.

गिरण्या पुढे एक एक करून बंद पडत गेल्या. भोंगे थांबले. पण गंमत अशी की लोक रात्रीचे बाहेर पडायचे थांबले नाहीत. पार्क चौकात गाड्या लागतात. रमजानच्या महिन्यात विजापूर वेशीत मीना बाजार भरतो. तेथे शिकेच्या धुराने डोळे चुरचुरतात आणि बांगड्यांच्या दुकानांपुढे मध्यरात्री पाऊल ठेवायला जागा नसते. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत रात्र कशी सरते ते कळत नाही. मात्र ह्या सगळ्या ठिकाणी कोणी तरी आपल्यासाठी जागा असतो. गाडीवर कांदा चिरणारा पोरगा, चित्रगृहातला डोअरकीपर, पाळणा फिरवणारा, उष्ट्या बश्या विसळणारी बाई. दुकानांतल्या आणि हॉटेलांतल्या नोकरांचे तास बांधणारा कायदा मुंबई इलाख्याने १९३९ साली केला. त्याची जागा १९४८ च्या कायद्याने घेतली. २०१७ साली महाराष्ट्राने नवा कायदा करून दुकाने, हॉटेले, चित्रगृहे रात्रभर उघडी ठेवण्याची वाट मोकळी केली. रात्री काम करणाऱ्या बाईची संमती, सुरक्षितता आणि तिला घरी पोचवण्याची सोय ह्या अटी त्यात घातल्या. अटी चांगल्या आहेत. पण त्या कायद्याचा मुख्य भाग, तो झाला तेव्हा, दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांपुरता होता. सोलापूरची रात्र ज्या गाड्यांवर आणि टपऱ्यांवर उजळते तेथे मालक धरून चार माणसे असतात. शंभर वर्षांपूर्वी गिरणीकामगाराला जो प्रश्न होता, की सुटायचे कधी, तो आज त्या पोराला आहे. एकदा बारा वाजता एका गाडीवर मी अशाच एकाला विचारले, "काय रे, गड्डा पाहिलास का ह्या साली?" तो म्हणाला, "काका, गड्ड्यातच होतो की. पण भज्यांच्या कढईमागे."

शेवटी, पाहुण्याला तिकीट न काढता पाहता येईल अशी एक रात्र सांगतो. कोजागिरीला यावे. त्या दिवशी सोलापुरातून तुळजापूरला पायी निघतात. अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. रस्ता वाहनांना बंद असतो आणि त्यावर माणसांचा लोंढा असतो. यंत्रमागावरचे, विडीच्या कारखान्यातले, हमाल, विद्यार्थी, नव्या सुना, आणि पायात चप्पल न घालण्याचा नवस केलेल्या म्हाताऱ्या. वाटेवर जागोजाग चहा, दूध, केळी फुकट वाटतात. हिप्परग्याच्या तलावापाशी चांदणे पाण्यावर पडलेले दिसते. तेथे बरेच जण पाय मोकळे करतात, आणि खरे तर तेथेच लोकांशी बोलणे होते. मी गेली कित्येक वर्षे जातो. देवीच्या दर्शनापेक्षा ह्या बोलण्याच्या लोभाने जातो हे कबूल केले पाहिजे. तामलवाडी गाठेपर्यंत पाय भरून येतात. पुढचा घाट चढताना कोणी बोलत नाही. पहाटे तुळजापूर दिसते. ज्यांना सकाळची पाळी आहे ते पायरीवर डोके टेकून तसेच उलट्या पावली एस.टी. स्टँडकडे धावतात.